खायचे रातकिडे: बेळगाव भागात पाळायचे तर

पावसाळ्याच्या तोंडी संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्याखाली काळे रातकिडे येऊन आपटतात. त्यांतला एखादा उचलून पाहा. पंखांच्या मुळाशी दोन फिकट पिवळे ठिपके असतील तर तो आपल्या कामाचा. शास्त्रीय नाव ग्रिलस बायमॅक्युलेटस. थायलंडात खाण्यासाठी जे रातकिडे पाळतात त्यांत हाही आहे, आणि आपल्याकडे तो मुळातच आहे. शेतात बीळ करून राहणारा तपकिरी, जाडजूड रातकिडा वेगळा. तो पेटीत नांदत नाही. ओळख पटत नसेल तर दोन-चार मेलेले किडे डबीत घालून धारवाडच्या कृषी विद्यापीठातल्या कीटकशास्त्र विभागात दाखवावेत.

इंटरनेटवरची बहुतेक माहिती अचेटा डोमेस्टिकस या फिकट तपकिरी रातकिड्याची असते. चवीला तो चांगला, पण त्याला डेन्सोव्हायरस नावाच्या विषाणूचा रोग लागतो. २००९-१० च्या सुमारास उत्तर अमेरिकेतली मोठमोठी पालनकेंद्रं या रोगानं रिकामी झाली. काळा रातकिडा त्या विषाणूला सहसा बळी पडत नाही. शिवाय तो पेटीतून निसटून शेतात गेला तर जिथला होता तिथेच गेला, एवढंच.

बियाण्यासाठी ४०-५० प्रौढ किडे लागतात, आणि तेही एकाच दिव्याखालचे नकोत. दोन-तीन ठिकाणचे घ्या, म्हणजे पुढे रक्त एकच होत नाही. मादीच्या शेपटीला सुईसारखी लांब नळी असते, तीच अंडी घालायची. नराचे पंख खडबडीत, गाणारा तोच. चार माद्यांमागे एक नर पुरतो. खानापूरच्या जंगलात, विशेषतः भीमगड अभयारण्याच्या हद्दीत, किडे धरायला जाऊ नका. तिथला किडासुद्धा कायद्यानं राखलेला आहे. बाहेरून धरलेली पिढी खायची नाही. शेतातल्या किड्याच्या पोटात जंत असू शकतात, औषधाचा अंश असू शकतो. पेटीत दोन पिढ्या निघाल्यावर तिसरी खायला घ्या.

पेटी

टोमॅटोची भोकांची क्रेट चालत नाही. भरीव भिंतींची, झाकणाची प्लास्टिकची पेटी घ्या, साधारण ६० बाय ४० सेंटीमीटर आणि ४० सेंटीमीटर उंच. आतल्या बाजूनं वरच्या काठाशी पार्सलला लावतात ती गुळगुळीत चिकटपट्टी ८ सेंटीमीटर रुंदीत सलग फिरवा. रातकिड्याचे पाय त्यावर ठरत नाहीत. पट्टीवर धूळ बसली की मात्र ठरतात, म्हणून आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसायची. झाकण मधोमध कापून तिथे धातूची बारीक जाळी बसवा. नायलॉनची मच्छरदाणी लावली तर किडे ती कुरतडतात आणि महिन्याभरात घरभर होतात.

आत अंड्यांचे कागदी ट्रे उभे लावा, १२ ते १४. आडवे ठेवले तर लेंड्या त्यांच्या खळग्यांत साठतात, ओल धरतात आणि अमोनियाचा वास सुटतो; उभ्या ट्रेवरून त्या खाली पडतात. ट्रे कोरे विकत घ्या. दुकानातले वापरलेले ट्रे कोंबड्यांच्या विष्ठेनं माखलेले असतात आणि त्यातून साल्मोनेला हा जुलाबाचा जीवाणू येतो. जे पुढे आपल्या ताटात यायचं आहे त्याच्या घरात ती घाण कशाला?

अशा एका पेटीत शेवटी ५०० प्रौढ किडे सुखानं राहतात. प्रौढ किड्याचं वजन साधारण १ ग्रॅम, म्हणजे पेटीमागे ४०० ते ५०० ग्रॅम ताजा माल. जास्त कोंबले तर ते एकमेकांना खातात. या जातीत ही खोड जरा जास्तच आहे, आणि कात टाकून नुकताच पांढरा, मऊ झालेला किडा सगळ्यात आधी जातो.

पेट्या फळीवर ठेवा आणि फळीच्या पायांखाली साबणाच्या पाण्याच्या वाट्या. मुंग्या आल्या तर अंडी आणि पिल्लं एका रात्रीत साफ होतात. मुंग्यांचा खडू ओढायचा मोह होतो. तो कीटकनाशक आहे आणि रातकिडा कीटक आहे, एवढं लक्षात ठेवा. त्याच कारणानं त्या खोलीत डासांची कॉईल, लिक्विडचं मशीन, डास पळवणारी अगरबत्ती यातलं काही चालत नाही. पाली, उंदीर, कोळी यांना तर रातकिड्यांची पेटी म्हणजे जत्राच.

खाणं

बहुतेकांच्या पेट्या मरतात त्या इथे. रातकिडा काहीही खातो म्हणून त्याला काहीही घातलं जातं. बाजारातून फुकट मिळणारा कोबीचा वरचा पाला, फ्लॉवरची पानं, मिरचीचे देठ आणून टाकले जातात. या पिकांवर तोडणीच्या आधीही फवारणी झालेली असते, आणि वरच्या पानावर ती सगळ्यात जास्त. संध्याकाळी पाला टाकला की सकाळी अर्धी पेटी उताणी, काहींचे पाय थरथरतायत. मग लोक रोग आला म्हणतात. एका रात्रीत मेले तर रोग नाही, विष. रोगानं मरायला आठवडे लागतात.

म्हणून भाजी ठरलेल्या जागेचीच: परड्यातला भोपळा, गाजर, शेवग्याचा पाला, रताळ्याचा वेल. बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत रताळी निघतात तेव्हा वेल ढिगानं पडतो, आणि त्यावर औषध कमी मारलेलं असतं. तरीही विचारूनच आणा. नवा पाला आला की आधी बाटलीत दहा किडे घालून त्यांना तो द्यायचा आणि २४ तास पाहायचं. दहाच्या दहा उड्या मारत असतील तर उरलेल्यांना द्या.

निपाणी-चिकोडीकडे आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. तंबाखूतलं निकोटिन हेच मुळात किडे मारण्याचं औषध; माव्यावर तंबाखूचं पाणी मारायची पद्धत त्यातूनच आलेली. तंबाखूच्या वखारीला लागून खोली असेल, तंबाखूचं पोतं पेट्यांखाली अंथरलं असेल, किंवा तंबाखू मळलेल्या हातानं खाणं घातलं असेल तर पेटी टिकणार नाही. हात साबणानं धुवा, आणि पोती वेगळी आणा.

कोरडं खाद्य घरी करता येतं. एक किलोसाठी मक्याचा भरडा ३५० ग्रॅम, गव्हाचा कोंडा ३३० ग्रॅम, सोयाबीनची पेंड ३०० ग्रॅम आणि अंड्याच्या भाजलेल्या टरफलांची पूड २० ग्रॅम. यात प्रथिनं साधारण २१ टक्के बसतात. पिल्लांसाठी हेच गिरणीतून बारीक करून मैद्याच्या चाळणीनं चाळा. कोंबडीचं तयार खाद्यही चालतं, पण पिशवीवरचं वाचा. कोंबड्यांच्या रोगावरचं औषध मिसळलेलं असेल तर घेऊ नका. शेंगदाण्याची पेंड स्वस्त पडते, पण आपल्या पावसाळी हवेत तिला बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तयार होतं. ते किड्यातून तुमच्यापर्यंत येऊ शकतं, म्हणून ती नकोच.

एक किलो ताज्या किड्यांना एकूण १.७ ते २ किलो कोरडं खाद्य लागतं. रोज उथळ झाकणात संपेल एवढंच घाला. भाजीचे तुकडे २४ तासांनी उचला, खाल्लेले असोत वा नसोत.

पाणी हा वेगळाच जाच. पाण्याशिवाय ते एकमेकांना खातात, आणि उघड्या पाण्यात बुडतात. मोठ्यांना बशीत खडे भरून खड्यांच्या फटीत येईल इतकंच पाणी द्या. पिल्लांना खडेही नकोत. मुंगीएवढं पिल्लू एका थेंबात अडकून मरतं. त्यांना ओला करून पिळलेला सुती कपडा ठेवा आणि रोज बदला.

ऊब

या किड्याला २८ ते ३२ अंश हवेत. तीस अंशाला पिल्लू फुटल्यापासून पंख येईपर्यंत ४० ते ४५ दिवस लागतात. पंचवीस अंशाला तेच दोन महिन्यांवर जातं आणि वीसच्या खाली किडा नुसता बसून राहतो. बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १२-१४ पर्यंत उतरतो, आणि जून ते सप्टेंबर दिवसाही ऊन नसतं. म्हणून नवख्यानं सुरुवात फेब्रुवारीच्या मध्यात करावी. मे संपेपर्यंत विजेशिवाय दोन पिढ्या निघतात आणि हात बसतो. पावसाळ्यात सुरुवात केलेल्यांपैकी बरेचजण पहिल्या बुरशीलाच सोडून देतात.

थंडीत सगळी खोली तापवत बसू नका. जुन्या कपाटाला आतून थर्मोकोल लावा, पेट्या त्यात ठेवा आणि पेट्यांपासून वीतभर अंतरावर उष्णता देणारा बल्ब. अंडी उबवण्याच्या पेटीला लावतात तो तापमान राखणारा थर्मोस्टॅट ३० वर ठेवा. त्याचा सेन्सर पेटीत ट्रेच्या उंचीवर हवा. कपाटाच्या छताशी लावला तर वर ३० आणि खाली २४ असा घोळ होतो. कोळशाची शेगडी ठेवू नका, धूर किड्यांनाही बाधतो आणि बंद खोलीत माणसालाही. वीज गेली तर पेट्यांवर घोंगडं टाका, चार-पाच तास निभतात.

एप्रिलमध्ये उलटं. पत्र्याखाली दुपारी ४० च्या वर गेलं की किडे ट्रे सोडून तळाशी जाऊन बसतात. तसं दिसलं की समजा, उष्णता जास्त झाली. कौलारू गोठ्याची उत्तरेकडची बाजू या कामाला सगळ्यात बरी.

अंडी आणि पिल्लं

पंख आल्यावर आठवड्याभरात मादी अंडी घालू लागते. पसरट डब्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ४ सेंटीमीटर भरा. ओल किती हवी? मुठीत दाबलं तर बोटांतून एक-दोन थेंब यावेत; धार लागली तर अंडी कुजतात, काहीच आलं नाही तर वाळतात. वरून बारीक जाळी दाबून बसवा. मादीची सुई जाळीतून खाली जाते, पण किड्यांना उकरून अंडी खाता येत नाहीत. जाळी नसेल तर जितकी घातली तितकी खाऊन टाकतात.

डबा २४ तास ठेवून काढा. कडेनं बोट घालून थोडं कोकोपीट उचललं तर तांदळाच्या कणीहून बारीक, लांबट, पिवळसर अंडी दिसतील. डब्यावर तारीख लिहा, झाकणाला टाचणीनं भोकं पाडा आणि ३० अंशात ठेवा. नवव्या ते अकराव्या दिवशी पिल्लं फुटतात. थंडी असेल तर पंधरवडाही लागतो, घाईनं फेकून देऊ नका. रोज डोकवा; वर सुकलेलं दिसलं तर पाण्याचा फवारा द्या, पण वरून ओतू नका.

फुटायला लागली की उघडा डबा नव्या पेटीत ठेवला, की पिल्लं आपली आपण बाहेर पडतात. सगळी तीन दिवसांत फुटतात. एका डब्यातून हजारभर सहज निघतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यातच दोन पेट्यांत वाटा. वेगवेगळ्या तारखांची पिल्लं एकत्र केली तर मोठी छोट्यांना खातात.

चार पेट्या पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं लावल्या की दर पंधरवड्याला एक पेटी काढणीला येते: चारशे-साडेचारशे ग्रॅम ताजे, वाळवून दळल्यावर शंभर-सव्वाशे ग्रॅम पूड. चार पेट्यांत घर चालत नाही; हात बसवायला त्या पुरेत.

काय बिघडतं

विषाचं वर आलंच. त्याखालोखाल त्रास बुरशीचा. पावसाळ्यात ट्रे मऊ पडतात, खाली लेंड्या चिकट होतात. जाळी मोठी करा, भाजी निम्मी करा, तळाला भाताचं तूस बोटभर अंथरा; खानापूरकडे गिरणीत ते मुबलक मिळतं. वास आला की त्याच दिवशी तळ काढायचा.

खाद्यात पांढुरकी, हलणारी भुकटी दिसली तर ते कोळीवर्गी बारीक किडे, ओल्या खाद्यातून येतात. ते खाद्य फेका. पुढचं खाद्य उन्हात कडकडीत वाळवून डब्यात भरा.

पोट फुगलेलं, चाल मंद, मागचे पाय ओढत चाललेत, आणि रोज पाच-दहा मरतायत, असं दिसलं तर दुसऱ्या एखाद्या विषाणूचा संशय घ्या. औषध नाही. ती पेटी गोठवून पुरून टाका, ट्रे जाळा, पेटी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुऊन उन्हात ठेवा. दुसऱ्या पेट्यांत हात घालण्याआधी आंघोळ करून कपडे बदला. बाहेरून नवे नर आणले तर तीन आठवडे दुसऱ्या खोलीत ठेवा. बहुतेक रोग असाच आत येतो.

आणि आवाज! पाचशेत अडीचशे नर, रात्रभर गाणार. शेजाऱ्यांशी संबंध टिकवायचे तर पंख येऊन गाणं सुरू झालं की दोन-तीन दिवसांतच काढणी करा. वाणाला ठेवायचे तेवढेच मागे ठेवा.

काढणी आणि चूल

काढणीच्या आधी दोन-तीन दिवस कोरडं खाद्य बंद, फक्त भोपळा. शेवटचे २४ तास नुसतं पाणी. पोट रिकामं झालं की मातकट वास जातो. मग ट्रे झटकून किडे डब्यात घ्या आणि डबा २४ तास डीप फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीनं आधी ते सुस्तावतात, मग मरतात.

गोठलेले किडे चाळणीत तीन पाण्यांनी धुवा. उकळत्या पाण्यात पाच मिनिटं सोडा, पाणी पुन्हा उकळू लागल्यापासून मोजायचं. ही पायरी गाळू नका: यात रोगजंतू मरतात. तरी काही जीवाणूंचे बीज उकळूनही राहतात, म्हणून उकडलेले किडे ओट्यावर पसरून गप्पा मारत बसायचं नाही. लगेच वाळवायला घ्या किंवा पुन्हा गोठवा. वाळवण ड्रायरमध्ये ६० ते ७० अंशांवर. उघड्या उन्हात माश्या बसतात आणि आपल्याकडे ऊन भरवशाचंही नाही. मागची तंगडी दोन बोटांत मोडून पाहा: कट्कन तुटली तर झालं, वाकली तर आणखी दोन तास. मिक्सरला फिरवून चाळा. किड्यात चरबी बरीच असते, पूड खवट होते; हवाबंद डब्यात फ्रीजरला ठेवा आणि दोन महिन्यांत संपवा.

चव सुकट आणि भाजलेल्या शेंगदाण्याच्या मधली. म्हणूनच ती लसणाच्या चटणीत सहज मिसळते. शेंगदाणे १०० ग्रॅम, पूड २५ ग्रॅम, लसूण दहा पाकळ्या, लाल तिखट, मीठ. पूड तव्यावर मंद आचेवर वास सुटेपर्यंत परतून मग कांडायची. जोंधळ्याच्या पिठात शेकडा ५ ते ८ टाका. दहाच्या वर गेलात तर भाकरी थापताना कडेनं फाटते, कारण पुडीला चिकटपणा नाही आणि चरबी आहे. पीठ उकळत्या पाण्यात मळलं तर जरा सावरतं.

लोकांपुढे नेताना

कायदा आधी. ज्या पदार्थांना अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मानकं ठरलेली नाहीत ते विकण्यापूर्वी २०१७ च्या नियमांनुसार प्राधिकरणाची मंजुरी घ्यावी लागते. रातकिडे त्यातच येतात. मंजुरीशिवाय पाकिटं बाजारात मांडू नका. तोवर गिऱ्हाईक आहे ते गावठी कोंबड्या पाळणाऱ्यांत, पक्षी आणि मासे ठेवणाऱ्यांत. कोंबडी रातकिडा कसा खाते हे एकदा दाखवलं की बोलावं लागत नाही.

पर्यावरणाचं सांगताना आकडा जपून वापरा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१३ च्या अहवालात एक किलो रातकिड्याला १.७ किलो खाद्य, कोंबडीला २.५, गोमांसाला १० असं दिलंय. पण बेळगावचा पोल्ट्रीवाला एफसीआर, म्हणजे किलोभर वजनाला किती किलो खाद्य लागतं ते, तोंडपाठ सांगतो. आजचा ब्रॉयलर त्या १.७ च्या आसपासच असतो, आणि तो तुम्हाला तिथेच पकडेल. त्याला हे सांगा की कोंबडीचा जेमतेम ५५ टक्के भाग खाल्ला जातो, रातकिड्याचा ८० टक्के. आणि सोयाबीन पेंड, विजेचा बल्ब यांवर वाढवलेल्या किड्याचं कौतुक तेवढ्यानं कमी होतं, हेही कबूल करा. रताळ्याचा वेल, कोंडा, भोपळा यांवर जितका भार टाकाल तितका तुमचा दावा खरा.

परदेशाचे दाखले शहरातल्या तरुणांना पटतात: युरोपीय संघानं २०२१ मध्ये पिवळ्या मीलवर्मला (एका भुंग्याच्या अळीला) पहिली परवानगी दिली, सिंगापूरनं २०२४ मध्ये १६ जातींना. गावात मात्र जवळचं बोला. उत्तर कन्नडच्या जंगलपट्ट्यात झाडावरच्या तांबड्या मुंग्यांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या खातात, आणि ओडिशातल्या सिमलीपालच्या तशाच चटणीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. नाक मुरडणाराही हे ऐकून थांबतो.

न सांगता कुणालाही खाऊ घालू नका, गंमत म्हणूनसुद्धा. आपल्याकडे एका पंगतीत माळकरी, लिंगायत, जैन, मांसाहारी सगळे असतात. पत्रकावर आणि डब्यावर मराठी आणि कन्नड दोन्ही लिपींत ‘रातकिड्याची पूड, मांसाहारी’ असं पुढच्याच बाजूला ठळक लिहा. चव द्यायची ती श्रावण सोडून, स्वतंत्र भांड्यांत, आणि चमचा हातात देण्याआधी एक प्रश्न विचारून: कोळंबी, खेकडा, सोडे खाल्ले की अंगाला खाज किंवा सूज येते का? हो म्हणाला तर त्याला देऊ नका. कोळंबीतलं ज्या प्रथिनाचं वावडं असतं, तसंच प्रथिन रातकिड्यातही असतं, आणि ते शिजवूनही जात नाही.